डबा आणि दुर्बीण : ‘बॉल’ने विकलेली जोखीम आणि राखलेली जोखीम

२५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गियानातून जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण झेपावली. तिच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या अठरा षट्कोनी आरशांची प्रकाशयंत्रणा ज्या कंपनीने घडवली, त्याच कंपनीच्या कारखान्यांतून त्या नाताळात जगभरच्या मेजवान्यांसाठी बियर आणि शीतपेयांचे कोट्यवधी कॅन बाहेर पडत होते. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील ‘बॉल कॉर्पोरेशन’ ही ती कंपनी. एका हाताने तेरा-चौदा ग्रॅम वजनाचा, पिऊन झाल्यावर फेकून देण्याचा डबा आणि दुसऱ्या हाताने पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर उभी राहणारी दुर्बीण, अशी ही जोडी उद्योगजगतात कुतूहलाचा विषय होती.

वेबच्या उड्डाणाला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १७ ऑगस्ट २०२३ रोजी ही जोडी फुटल्याचे जाहीर झाले. अवकाश आणि संरक्षण विभाग ब्रिटनच्या ‘बीएई सिस्टिम्स’ला सुमारे ५.६ अब्ज डॉलरना विकण्याचा करार झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पूर्णत्वास गेला. दुर्बीण गेली, डबा राहिला. गुंतवणूकदारांना दिलेले स्पष्टीकरण सरळ होते : आता सारे लक्ष एकाच व्यवसायावर, कर्ज कमी, धोका कमी. यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी तपासून पाहिली पाहिजे. उद्योगातील जोखीम विकून नाहीशी होत नाही. बहुतेक वेळा तिचा प्रकार बदलतो, नाहीतर तिचा मालक बदलतो.

हा विषय गोव्यापासून वाटतो तितका दूर नाही. या कंपनीच्या भारतातील दोन कारखान्यांपैकी एक रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे आहे. त्यातून निघणाऱ्या मालावर या किनारपट्टीच्या बियर व्यवसायाचा हंगाम अंशतः अवलंबून असतो. आणि जो व्यवसाय कंपनीने विकला, त्याच क्षेत्राकडे बेळगाव, हैदराबाद आणि बडोदा ही शहरे आज मोठ्या आशेने पाहत आहेत.

दोनशे डॉलरचे कर्ज

१८८० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे बॉल बंधूंनी काकांकडून दोनशे डॉलर उसने घेऊन धंदा सुरू केला. रॉकेल आणि रंग साठवण्याचे, लाकडी आवरण असलेले पत्र्याचे डबे ते बनवीत. पुढे ते काचेच्या बरण्यांकडे वळले. अमेरिकी घरांत फळे-भाज्या टिकवून ठेवण्याच्या बरणीवर ‘बॉल’ हे नाव इतके ठसले, की बरणी म्हणजेच बॉल असे समीकरण झाले. काच वितळवायला स्वस्त इंधन लागते. इंडियाना राज्यातील मन्सी या गावी नैसर्गिक वायूचे साठे सापडल्यावर १८८७ मध्ये कंपनी तिकडे गेली. वायू अक्षय आहे अशा समजुतीने तो रात्रंदिवस जाळला गेला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच ते क्षेत्र आटले. त्याच इंधनाच्या भरवशावर आलेले अनेक कारखाने बंद पडले. बॉल टिकली. ज्या गोष्टीच्या बळावर धंदा उभा राहतो तीच उद्या संपू शकते, हा या कंपनीच्या इतिहासातला पहिला धडा.

पुढची पावले याच सावधपणातून पडली असावीत. सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक आकाशात जाण्याच्या एक वर्ष आधी, १९५६ मध्ये, कंपनीने संशोधन विभाग काढला. सूर्याच्या अभ्यासासाठी १९६२ मध्ये सोडलेली ‘नासा’ची पहिली सौर वेधशाळा तिथेच घडली. १९६९ मध्ये कंपनी पेयांच्या धातूच्या कॅनमध्ये उतरली. ज्या बरण्यांनी नाव दिले, तो व्यवसाय १९९३ मध्ये वेगळा काढण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरात अंतराळवीरांनी हबल दुर्बिणीच्या आरशातील दोष दूर करण्यासाठी तिच्यात जे उपकरण बसवले, तेही बॉलचेच होते. जुने सोडायचे आणि नवे धरायचे, ही या घराची रीत आहे. २०२३ मधील विक्री त्यामुळे परंपरेला सोडून नव्हती. मात्र या वेळी सोडले ते नवे आणि राखले ते त्यापेक्षा साधे.

डब्याचे अर्थकारण

कॅनचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चकती कापायची, ती साच्यातून ओढत उंच करायची, भिंत केसाच्या जाडीइतकी होईपर्यंत ताणायची, आतून लेप द्यायचा, बाहेरून छपाई करायची. एका उत्पादन रांगेतून मिनिटाला दोन हजारांच्या आसपास कॅन निघतात. बॉल वर्षाला शंभर अब्जांहून अधिक कॅन विकते. एका कॅनमागे नफा अत्यल्प, म्हणून सारा खेळ संख्येचा. कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तर पैसा, निम्म्याने चालला तर तोटा. या एका वाक्यात या व्यवसायाची मुख्य जोखीम सामावली आहे.

ती पहिल्यांदा ठळकपणे दिसली करोनाकाळानंतर. टाळेबंदीत उपाहारगृहे आणि मद्यालये बंद होती, लोक घरी बसून पेये पीत होते, आणि घरी न्यायला कॅन सोयीचा. मागणी इतकी उसळली, की कंपन्यांना कॅन मिळेनासे झाले. बॉलने नवे कारखाने उभारायला घेतले. २०२२ पासून अमेरिकेतील लहान ग्राहकांसाठी तिने किमान मागणीची अट एका ट्रकवरून पाच ट्रकांवर, म्हणजे प्रत्येक नमुन्यामागे दहा लाखांहून अधिक कॅनवर नेली. छोट्या बियर उत्पादकांचे धाबे दणाणले. वर्षभरातच वारे फिरले. महागाई वाढली, लोकांनी हात आखडता घेतला, मागणीचा फुगा बसला. ज्यांच्यासाठी जागा नव्हती ते ग्राहक गेले होते आणि ज्यांच्यासाठी कारखाने बांधले त्यांची मागणी घटली होती. मग काही जुने कारखाने बंद करण्याची आणि काही नियोजित प्रकल्प लांबणीवर टाकण्याची वेळ आली. तेजीच्या शिखरावर काढलेल्या कारखान्याची भिंत पूर्ण होते तेव्हा बहुधा मंदी सुरू झालेली असते. हा अनुभव साखर कारखानदारीपासून पोलादापर्यंत सर्वांचा आहे.

दुसरी जोखीम ग्राहकांची. कॅन विकत घेणारे मोजकेच आहेत. कोका-कोला, ॲनहॉयझर-बुश इनबेव्ह अशी काही नावे घेतली, की विक्रीचा मोठा वाटा संपतो. एप्रिल २०२३ मध्ये ‘बड लाइट’ या बियरच्या एका जाहिरात मोहिमेवरून अमेरिकेत बहिष्काराचे वादळ उठले आणि तिचा खप कोसळला. त्या वादाशी कॅन बनवणाऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता, पण मागणी घटल्याची झळ त्यालाही बसली. ग्राहकाची चूक, ग्राहकाचे राजकारण, ग्राहकाची बदलती चव, या सर्वांचा हप्ता पुरवठादार भरतो.

तिसरी जोखीम धातूची. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, लंडनच्या धातू बाजारात ॲल्युमिनियमचा भाव टनाला चार हजार डॉलरच्या आसपास जाऊन भिडला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत जवळपास निम्म्यावर आला. भावातील बदल ग्राहकाकडे सरकवण्याची तरतूद बॉलच्या बहुतेक करारांत असते. त्यामुळे धातू महागला तरी कंपनीचे थेट नुकसान मर्यादित राहते. परंतु ही ढाल एकाच बाजूने चालते. महागलेला कॅन ग्राहकाला परवडेनासा झाला, की तो प्लास्टिककडे वळू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोका-कोलाचे तत्कालीन मुख्याधिकारी जेम्स क्विन्सी यांनी नेमके हेच बोलून दाखवले : ॲल्युमिनियम महागले, तर प्लास्टिकच्या बाटल्यांवर अधिक भर देता येईल. भाव सरकवता येतो, गमावलेला खप सरकवता येत नाही.

चौथी जोखीम देशांची. रशियात बॉलचे तीन कारखाने होते. युद्धानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये ते ५३ कोटी डॉलरना एका रशियन समूहाला विकून कंपनी बाहेर पडली. नफा देणारा चालू व्यवसाय एका राजकीय घटनेने काही महिन्यांत हातचा गेला.

दुर्बिणीचे अर्थकारण

अवकाश विभागाचे गणित याच्या अगदी उलट. तिथे संख्या नाही, एकेक वस्तू आहे. ग्राहकही मोजके नाहीत, जवळपास एकच आहे : अमेरिकी सरकार. ‘नासा’, संरक्षण दल आणि गुप्तचर संस्था ही त्याचीच वेगवेगळी रूपे. असा ग्राहक पैसे बुडवत नाही, दिवाळखोरीत जात नाही, उन्हाळा थंड गेला म्हणून मागणी कमी करत नाही. म्हणूनच ताळेबंदात हा विभाग डब्यांच्या धंद्याला तोल देणारा मानला जाई. २०२२ मध्ये कंपनीच्या सुमारे १५.३ अब्ज डॉलरच्या उलाढालीत या विभागाचा वाटा जवळपास दोन अब्जांचा होता.

पण एकच ग्राहक असणे म्हणजे एकाच खुंटीवर सारे कपडे टांगणे. अमेरिकी काँग्रेसमध्ये अर्थसंकल्प वेळेवर संमत झाला नाही, की सरकार मागील वर्षाच्या खर्चमर्यादेवर चालते आणि नवे प्रकल्प अडकून पडतात. कधी सरकारी कामकाजच ठप्प होते. सरकारला स्वतःच्या सोयीसाठी करार मध्येच संपवण्याचा अधिकार असतो. ठरावीक किमतीच्या करारात खर्च वाढला तर तो कंत्राटदाराच्या खिशातून जातो. उलट, खर्च अधिक ठरावीक मोबदला अशा करारात नफा सुरक्षित, पण तुटपुंजा. त्यात भर माणसांची. गोपनीय कामासाठी सरकारी मंजुरी असलेले अभियंते बाजारात सहज मिळत नाहीत, आणि गेल्या दहा वर्षांत खासगी अवकाश कंपन्यांनी त्याच माणसांवर बोली लावली आहे.

सर्वांत मोठी गोष्ट काळाची. वेब दुर्बीण मूळ आराखड्याप्रमाणे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुटायची होती, ती सुटली २०२१ मध्ये. कॅनच्या कारखान्यात आज सकाळी केलेली चूक संध्याकाळी भंगारात टाकून मोकळे होता येते. अवकाशात गेलेली चूक परत आणता येत नाही. हबलच्या सदोष आरशाची दुरुस्ती ही अपवादात्मक गोष्ट होती, आणि ती चूक बॉलची नव्हती. ज्यांची असते त्यांना दुसरी संधी क्वचितच मिळते.

दोन घरचा पाहुणा

एक व्यवसाय चक्रीय, दुसरा स्थिर. एक रोजच्या खपावर, दुसरा दशकांच्या योजनांवर. कागदावर ही जोडी आदर्श. मग ती का फुटली?

कारण भांडवल एकच होते. २०१६ मध्ये बॉलने ब्रिटनची ‘रेक्सॅम’ ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि ती जगातील सर्वांत मोठी पेय-कॅन उत्पादक झाली. मक्तेदारीच्या भीतीने नियामकांनी घातलेल्या अटींमुळे वीसहून अधिक कारखाने ‘आर्डाग’ समूहाला विकावे लागले, तरीही कर्जाचा डोंगर उरलाच. पैसा स्वस्त होता तोवर हे खपून गेले. मार्च २०२२ मध्ये शून्यालगत असलेला अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर पोहोचला. २०२२ च्या अखेरीस बॉलच्या डोक्यावर जवळपास नऊ अब्ज डॉलरचे कर्ज होते. त्याच वेळी अवकाश विभागालाही नव्या प्रयोगशाळा, नव्या इमारती आणि नवी माणसे हवी होती. एका बाजूला भट्ट्या, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा, आणि तिजोरीत दोघांना पुरेल इतके नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी ही स्थिती.

त्यात शेअर बाजाराचा स्वभावही आडवा येतो. दोन भिन्न व्यवसाय असलेल्या कंपनीचे मूल्य बाजार बहुधा दोन्हींच्या बेरजेपेक्षा कमी लावतो. कॅनमध्ये रस असलेल्याला उपग्रहांचे करार कळत नाहीत, उपग्रहांत रस असलेल्याला बियरचा खप नकोसा वाटतो. संरक्षण क्षेत्रातील खरेदीदार मात्र या विभागाचे भरघोस मोल द्यायला तयार होता. विक्रीतून आलेला पैसा कर्जफेड आणि समभागांची पुनर्खरेदी यांत गेला. हिशेब म्हणून व्यवहार चोख झाला. बॉलचा ताळेबंद हलका झाला आणि पाच हजारांवर कर्मचाऱ्यांचा अवकाश विभाग अशा मालकाकडे गेला, ज्याचा मुख्य धंदाच संरक्षणाचा आहे.

उरलेल्या डब्याची कसोटी

विक्रीनंतर वर्षभरातच या निर्णयाची परीक्षा सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने ॲल्युमिनियमवरील आयातशुल्क २५ टक्के केले, एप्रिलमध्ये आयात होणारे रिकामे कॅन आणि कॅनबंद बियरही त्याच्या कक्षेत आणली आणि ४ जूनपासून शुल्क ५० टक्के केले. बॉल आपले कॅन जिथे विकते त्याच परिसरात बनवते. त्यामुळे तयार मालावरील शुल्काचा थेट फटका कमी. पण शुल्काने देशातील धातूचा भावही वर चढतो, कारण देशी विक्रेता आयातीच्या भावाशीच आपला भाव जोडतो. अमेरिकेत वापरलेल्या कॅनपैकी निम्म्याहून कमी पुनर्वापरासाठी परत येतात. उरलेले कचऱ्यात पुरले जातात आणि तितकाच धातू बाहेरून आणावा लागतो. ब्राझीलमध्ये मात्र, कचरावेचकांच्या श्रमावर उभ्या असलेल्या साखळीमुळे, जवळपास सारे कॅन परत येतात. जुन्या कॅनपासून नवा धातू बनवण्यास खनिजापासूनच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणजे पुनर्वापराचा प्रश्न पर्यावरणाचा आहे तितकाच नफ्याचाही आहे.

नियमांची जोखीम वेगळीच. कॅनच्या आत पेय आणि धातू यांच्यामध्ये एक पातळ लेप असतो. अशा लेपांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या बिस्फेनॉल-ए या रसायनावर युरोपीय संघाने अन्नसंपर्कासाठी बंदी घातली असून ती जानेवारी २०२५ पासून संक्रमणकाळासह लागू झाली आहे. उद्योगाने पर्यायी लेप आधीच तयार केले, हे खरे. पण मायक्रॉनमध्ये मोजल्या जाणाऱ्या एका थरावर सारा व्यवसाय उभा आहे, याची जाणीव या बंदीने करून दिली.

नव्या वाटा शोधण्याचे प्रयत्नही दरवेळी फळत नाहीत. प्लास्टिकच्या पेल्याला पर्याय म्हणून २०१९ मध्ये बॉलने ॲल्युमिनियमचे कप बाजारात आणले. कल्पना चांगली, प्रसिद्धीही भरपूर, पण किंमत आडवी आली. २०२५ मध्ये कंपनीने त्या व्यवसायावरील नियंत्रण सोडले. आता उरला तो कॅन : एक धातू, मोजके ग्राहक, हंगामी मागणी. पूर्वी उन्हाळा वाया गेला तर अवकाश विभागाचे उत्पन्न आधाराला होते, आज ते नाही. कर्जाची जोखीम घटली, एकाच पिकावर अवलंबून राहण्याची वाढली. कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तळोज्यापासून पणजीपर्यंत

रेक्सॅमच्या खरेदीबरोबर तळोज्याचा कारखाना बॉलकडे आला. दुसरा कारखाना आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे आहे. भारतात दरडोई कॅनचा वापर अजून फारच थोडा असल्याने वाढीची अपेक्षा मोठी आहे. २०२४ मध्ये तळोज्यात सुमारे साडेपाच कोटी डॉलर आणि त्यानंतर श्री सिटीत सुमारे सहा कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची पावले कंपनीने उचलली. तरीही २०२५ मध्ये देशात कॅनची टंचाई जाणवलीच. एप्रिलपासून ॲल्युमिनियमच्या कॅनना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आणि परदेशी कारखान्यांना ते मिळण्यास वेळ लागत असल्याने आयात अडली. वर्षाला ५०० मिलिलिटरच्या बारा ते तेरा कोटी कॅनचा तुटवडा पडेल, असे सांगत ब्रुअर्स असोसिएशन ऑफ इंडिया या बियर उत्पादकांच्या संघटनेने केंद्राकडे सवलत मागितली. देशी पुरवठादार मोजके आणि त्यांची क्षमता भरलेली, हे त्यामागचे कारण होते.

गोव्यासारख्या छोट्या राज्यात ही अडचण दुहेरी होते. मद्य हा राज्यांचा विषय असल्याने प्रत्येक राज्याची वेष्टननोंदणी, मजकूर आणि कर वेगवेगळे. काचेच्या बाटलीवरचा कागद बदलता येतो. कॅनवरची छपाई धातूवरच असते, ती पुसून दुसऱ्या राज्यात पाठवता येत नाही. शिवाय छपाईचा साचा एकदा लावला, की कारखान्याला लाखोंच्या संख्येत मागणी हवी असते. मोठ्या कंपनीला ती देणे सोपे. ज्याचे सारे उत्पादन दोन-तीन तालुक्यांत आणि एका पर्यटन हंगामात खपते अशा स्थानिक उत्पादकाला मात्र एक तर गरजेपेक्षा जास्त रिकामे कॅन गोदामात साठवून ठेवावे लागतात किंवा बाटलीवर समाधान मानावे लागते. अमेरिकेतील छोट्या बियर उत्पादकांना २०२२ मध्ये जे भोगावे लागले, त्याचे हे लहान रूप. पुरवठादार मोजके असतात तेव्हा टंचाईत रांगेच्या शेवटी कोण उभा राहणार, हे आधीच ठरलेले असते.

यात गोव्याच्या हाती काहीच नाही असे नव्हे. नष्ट न होणाऱ्या वेष्टनांवर अनामत रक्कम घेऊन रिकामे वेष्टन परत आणणाऱ्याला ती परत देण्याची योजना राज्याने २०२४ मध्ये अधिसूचित केली. भारतीय बियर व्यवसाय पूर्वीपासून परत आलेल्या बाटल्या धुऊन पुन्हा भरत आला आहे, आणि भंगारवाला हा त्या साखळीचा बिनपगारी व्यवस्थापक आहे. कॅनचीही अशी शिस्तबद्ध परतफेड झाली तर किनाऱ्यावरचा कचरा घटेलच, शिवाय स्वच्छ, एकजिनसी भंगार मिळेल, ज्याला धातू उद्योगात चांगला भाव आहे. मात्र दुकानदार, उत्पादक आणि वेचक यांच्यात खर्चाची वाटणी कशी होते, यावर योजनेचे यश अवलंबून राहील. ती वाटणी फसली, तर अनामतीचा भार केवळ गिऱ्हाइकाच्या पावतीवर दिसेल.

बेळगावने काय पाहावे?

या कथेचे दोन धागे बेळगावात येऊन मिळतात. कॅनच्या पत्र्याचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक ‘नोव्हेलिस’ २००७ पासून आदित्य बिर्ला समूहाच्या ‘हिंडाल्को’च्या मालकीचा आहे, आणि बॉल हा त्याचा मोठा ग्राहक. म्हणजे अमेरिकेत एखाद्या बियरचा खप घसरला, तर त्याची लहर मुंबईच्या शेअर बाजारापर्यंत येते. त्याच हिंडाल्कोचा बेळगावातील कारखाना आज ॲल्युमिना बनवतो. एकेकाळी तिथे धातूही तयार होई, पण विजेच्या प्रश्नाने ते काम थांबले. मन्सीतला वायू असो वा बेळगावची वीज, धातू आणि काच यांचे भवितव्य शेवटी ऊर्जेच्या दरात ठरते.

दुसरा धागा विमानांच्या सुट्या भागांचा. हत्तरगीजवळच्या ‘एक्वस’च्या विशेष आर्थिक क्षेत्रात जगातील बड्या विमान कंपन्यांसाठी भाग घडतात, आणि त्याच कंपनीने विमानांबरोबर खेळणी व गृहोपयोगी वस्तूंचाही व्यवसाय उभारला आहे. गोव्यातील पिळर्ण येथे ‘किनेको’ समूह विमानांसाठी संमिश्र पदार्थांचे भाग करतो. हैदराबादजवळ आदिभट्ल येथे अपाचे हेलिकॉप्टरचे सांगाडे बनतात. बडोद्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्‌घाटन झालेल्या कारखान्यात हवाई दलाच्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० विमाने तयार व्हायची आहेत. या प्रत्येक प्रकल्पाभोवती लहान कारखान्यांचे जाळे विणले जात आहे : एखादा खिळा, एखादा कंस, एखादे आवरण करणारे. त्यांच्यातील अनेकांनी आधीची वाहन किंवा पंपउद्योगाची कामे सोडून, बँकेचे कर्ज काढून नवी यंत्रे घेतली आहेत.

बॉलच्या अनुभवातून त्यांच्यासाठी तीन गोष्टी निघतात. पहिली, ग्राहक बडा असणे म्हणजे धंदा सुरक्षित असणे नव्हे. ५६ विमानांची मागणी ५६व्या विमानापाशी संपते, त्यानंतरचे काम आजच शोधावे लागते. दुसरी, विमान क्षेत्राची मान्यता मिळायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत व्याज थांबत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : दोन व्यवसाय ठेवणे हा विमा खरा, पण त्या विम्याचा हप्ता भरण्याइतके भांडवल दोन्हीकडे पाहिजे. ते नसेल तर एक व्यवसाय दुसऱ्याला तारत नाही, दोघे मिळून बुडतात. बॉलकडे ५.६ अब्ज डॉलर देणारा खरेदीदार आला. उद्यमबागेतील दहा कामगारांच्या कारखान्याकडे असा खरेदीदार येत नाही, तिथे बँकेची नोटीस येते.

निष्कर्ष

बॉलचा निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही. कर्जाच्या ओझ्याखाली दोन्ही व्यवसाय खुरटवण्यापेक्षा एक विकून दुसरा सांभाळणे केव्हाही शहाणपणाचे. अवकाश विभागालाही अशा घरात जागा मिळाली, जिथे त्याला बियरच्या खपाशी स्पर्धा करावी लागणार नाही. मात्र ‘जोखीम कमी झाली’ हे वाक्य भागधारकांच्या पत्रकात शोभते तितके वास्तवात खरे नाही. व्याजाची जोखीम गेली, धातूची आणि ग्राहकाची राहिली. एका सरकारवरचे अवलंबित्व गेले, तरी त्याच सरकारचे आयातशुल्क पाठीशी लागलेच.

पुढील दोन वर्षांत तीन गोष्टींवर नजर ठेवावी लागेल : अमेरिकेतील शुल्काचा भार अखेर कोणाच्या खिशातून जातो, मोठे ग्राहक खरोखरच प्लास्टिककडे वळतात का, आणि भारतातील वाढीव क्षमता टंचाई संपण्याआधी उभी राहते की संपल्यावर. यातील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तळोज्यातील कामगाराला आणि कळंगुटच्या दुकानदाराला कोणत्याही अहवालाआधी कळेल. एकाला जादा पाळीच्या हजेरीत, दुसऱ्याला शीतकपाटाच्या रिकाम्या कप्प्यात.